अनवाणी

क्विकीच्या खुरांना आम्ही कधी नाल ठोकले नाहीत.
नऊ वर्षं ती कारूच्या या वाळूत फिरली,
पवनचक्कीपासून मेंढवाड्यापर्यंत,
मेंढवाड्यापासून कोरड्या नदीपर्यंत.
दर सहा आठवड्यांनी मीच कानस फिरवते.
नालबंद इथून दोन दिवसांवर राहतो, आणि पितो.

आता माग्रीटाने निरोप धाडलाय :
लोकर कातरायला माणसं कमी आहेत, ये.
माग्रीटाचं शेत घाटापलीकडे,
नव्वद किलोमीटर, त्यातले चाळीस
नुकत्याच खडी टाकलेल्या रस्त्याने.
लोहदगडाची खडी. काळी. धारेची.

डेलीना, माझी सून, केपटाउनहून फोनवर म्हणते,
घोड्यांचे बूट मिळतात, आई, रबराचे.
पट्टा ओढला की झालं.
म्हातारा खावी कुंपणावर रेलून म्हणतो,
देवाने खूर दिले ते काय शोभेला?
दोघांचंही बरोबर असेल.
पण दोघांपैकी कुणी क्विकीवर बसून घाट चढलेलं नाही.

म्हणून मी तिलाच विचारलं.
रविवारी खडीवर नेली, तासभर, लगाम सैल सोडून.
सुरुवातीला शाळा सुटल्यासारखी चालली.
मग रस्त्याच्या मधोमध चालणारी माझी घोडी
हळूच कडेला सरकू लागली,
वाळक्या गवताच्या वीतभर पट्टीकडे.
मी तिला मधे आणलं. ती परत कडेला.
पाऊल आखडलं. एक कान माझ्याकडे वळला.
लंगडली नाही.
लंगडली असती तर सोपं होतं.

घरी येऊन तिचा पाय मांडीवर घेतला,
भट्टीतला पाव दाबून बघावा
तसा अंगठ्याने तळवा दाबला.
टोकाजवळ तो किंचित आत गेला.
तिने पाय ओढून घेतला नाही, फक्त श्वास रोखला.
मीही.

आम्ही सहा बहिणी, बुटांचे जोड तीन.
रविवारी चर्चला अकरा मैल
अनवाणी चालायचो, पाळी असेल तिच्या गळ्यात बूट.
चर्चच्या भिंतीशी पाय पुसायचे, बूट चढवायचे,
देवासमोर दीड तास चावून घ्यायचे,
की पुन्हा गळ्यात.
लांबच्या वाटेला पाय, बूट दाखवायला.
भेगांना आई मेंढीची चरबी चोळायची,
म्हणायची, कातडं आपोआप जाड होतं.
होतं. आमच्यापैकी पाचजणींचं झालं.
माग्रीटा कडेकडेने चालायची,
मागे पडायची,
आणि आम्हाला वाटायचं, तिला फुलं वेचायची असतात.

पिठाच्या पिशवीचा कागद जमिनीवर पसरला,
त्यावर क्विकीचा खूर, भोवती पेन्सिल.
कानस फिरवल्यावरच घ्यायचं माप, आधी नाही.
पुढचे दोनच मागवले. मागचे पाय दणकट आहेत,
आणि पैसे तेवढेच आहेत.

बूट आले त्या दिवशी ती
ओल्या फरशीवरच्या मांजरीसारखी पाय उचलत होती.
खावी इतका हसला की टोपी पडली.
तिसऱ्या दिवशी डाव्या टाचेवरचे केस उडालेले दिसले.
चावतात ते चावतातच, देवाच्या दारी असोत की घाटात.
जुना मोजा कापून आत घातला. मग नाही चावले.

बुधवारी निघते.
वाळूवर ती अनवाणीच चालेल,
बूट खोगिराला बांधलेले.
खडी लागली की उतरेन,
माझे गुडघे कुरकुरतील, पण पट्टे ओढेन.
घाट उतरला की काढेन.
खावी विचारतो, म्हणजे नक्की काय ठरलं,
हवेत की नकोत?
मी म्हटलं, रस्त्याला विचार.

पिशवीत चहा, बिस्किटं, जास्तीचा एक पट्टा,
आणि मऊ कातड्याच्या चपला,
माग्रीटासाठी.
साठ वर्षांत तिचं माप कधी घेतलं नाही.
अंदाजाने आणल्यात.